कोल्डरिगचा मालक

“कोल्डरिगचे मालक, निनियन हॅगर्ट,” कारकुनाने पुकारा केला.

कोणीच उठलं नाही. निनियनही नाही. आपल्याला कोणी कोल्डरिगचा मालक म्हणेल हे त्या बिचाऱ्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. शेजारी बसलेल्या बॅलनेथनने, म्हणजे त्या नावाच्या जमिनीच्या जमीनदाराने, बरगडीत कोपर खुपसलं, तेव्हा तो धडपडत उभा राहिला आणि किन्रॉसच्या कचेरीत हशा पिकला.

हसणारच की. कोल्डरिग म्हणजे नुसती दलदल. तिथली काळी माती विटांसारखी कापायची, वाळवायची आणि चुलीत घालायची, एवढाच तिचा उपयोग. तीही बॅलनेथनच्याच चुलीत जायची. निनियनने तिथे कधी पाऊलसुद्धा टाकलं नव्हतं. दोन वर्षांमागे बॅलनेथनने त्या दलदलीचा कागद त्याच्या नावाने केला, इतकंच. जळण बॅलनेथनचं, खंड बॅलनेथनचा, निनियनचा नुसता कागद. या परगण्यात मत माणसाला नसतं, जमिनीला असतं. मग बड्या जमीनदारांनी काय केलं, तर जमिनीचे कागदी तुकडे पाडले आणि भाचे, वकील, जुने नोकर असे घरचेच मतदार पैदा केले. निनियन बॅलनेथनच्या पोरांना लॅटिन शिकवता शिकवता म्हातारा झालेला. राहायला बॅलनेथनचंच दोन खोल्यांचं घर, तेही फुकट. त्या भाच्या-वकिलांबरोबर तोही मतदार झाला.

या खेपेला एकेका मतावर डोळा होता. किन्रॉसला दर वेळी खासदार मिळत नसे. एका संसदेत किन्रॉसचा, पुढच्या संसदेत शेजारच्या क्लॅकमॅननचा, अशी पाळी. आज हरला तो परत पाळी येईपर्यंत हात चोळत बसणार. बॅलनेथनला आपला एडिंबराचा मेव्हणा निवडून आणायचा होता. या मेव्हण्याने किन्रॉस पाहिलं ते काल, तेही बग्गीच्या खिडकीतून. समोर उभा होता कॅप्टन रेंटूल, तळ्याकाठचा लहानसा जमीनदार. मतं बरोबरीत आली होती आणि निनियन शेवटचा होता.

“जमीन स्वतःचीच आहे अशी शपथ घ्यायला लावा,” कॅप्टनचा वकील म्हणाला. कागदी मतदार दिसला की तो हेच म्हणत होता.

निनियनला सकाळ आठवली. दारातच ग्रिझेलने, त्याच्या बायकोने, त्याला अडवलं होतं.

“तुम्ही चर्चमधले वडीलधारे. रविवारी त्याच तोंडाने पोरांकडून दहा आज्ञा वदवून घेणार? खोटी शपथ घेऊन या दारात येऊ नका.”

“अगं, नाही घेतली तर दारच राहणार नाही आपल्याला.”

“मग राहू दाराबाहेर. मिलनाथॉर्टला माझी बहीण काही मेलेली नाही.”

तो टोपी घेऊन निघाला होता. वाटभर त्याला स्वतःची लाज वाटत होती, आणि आता तर जास्तच वाटू लागली.

“घे आणि मोकळा हो,” बॅलनेथन कानाशी पुटपुटला. “तोंडची वाफ ती. सगळ्यांनी घेतली.”

खरंच घेतली होती. भाच्यांनी आणि वकिलांनी ती कडू औषधासारखी घाईघाईने गिळली होती. निनियनने मात्र वर्गात धडा वाचावा तशी खणखणीत आवाजात घेतली.

“ही जमीन माझी आहे. ती मी दुसऱ्या कोणासाठी धरलेली नाही. माझं मत मी कोणालाही बांधून दिलेलं नाही. देवासमोर सांगतो.”

बॅलनेथन खूश झाला. त्याने तपकिरीची डबी उघडून मेव्हण्यापुढे धरली.

“मत कोणाला?” कारकुनाने विचारलं.

“कॅप्टन रेंटूल यांना.”

तपकीर मेव्हण्याच्या पांढऱ्या विजारीवर सांडली.

“अरे गाढवा,” बॅलनेथन उठला, “ती जमीन माझी आहे.”

कारकुनाने लेखणी शाईत बुडवली. “हा आक्षेप लिहून घेऊ? म्हणजे कोल्डरिगचा कागद खोटा, असं आपलंच म्हणणं पडतं. मग आपण दिलेले बाकीचे कागदही बघावे लागतील.”

भाचे आपापल्या बुटांकडे बघू लागले. एक वकील तर चक्क टोपी शोधायला लागला. बॅलनेथनने एकदा त्या सगळ्यांकडे पाहिलं. मग तो खाली बसला. आपलंच शहाणपण आपल्या अंगाशी आलं की माणूस दुसरं काय करणार?

बाहेर पडताना त्याने निनियनला पायरीवर गाठलं. “दिवस मावळायच्या आत घर रिकामं कर.”

किन्रॉसमध्ये जमीनदार एकमेकांना जमिनीच्या नावाने हाक मारतात. बाकी सगळ्यांनी मालक म्हणायचं. निनियन जन्मभर मालक म्हणत आला होता. मालकापुढे टोपी काढायची रीत, पण आज त्याने ती डोक्यावरच राहू दिली.

“बरं, बॅलनेथन,” तो म्हणाला आणि चालू लागला.

घरापाशी येऊन बघतो तर दारात हातगाडी भरून उभी. गादी, किटली, बायबल, आणि वर टोपलीत कोंबडी. ग्रिझेल दोरी आवळत होती.

“शपथ नाही ना घेतली?” तिने मान वर न करता विचारलं.

“घेतली.”

तिचा हात थांबला. चेहरा पडला. मग तिने दोरीची गाठ सोडायला घेतली. “आणि मी येडी सकाळपासून सामान भरतेय. घर राखलंत म्हणायचं.”

“गाठ राहू दे. घर गेलं.”

“घर गेलं? शपथ घेऊनही?” तिने मान वर केली. “पण ती शपथ खोटी होती ना हो?”

निनियनने वाकून हातगाडीची दांडी उचलली.

“मत देईपर्यंत खोटी होती.”