दिंद्रुडचा डीजे सुरज

कंपनीच्या मॅडमनी चौथी बीटही शेवटपर्यंत ऐकली, तेव्हा कुठं सुरजच्या जिवात जीव आला.

रॅपची गाणी काढणारी पुण्याची कंपनी आपल्या बीड जिल्ह्यात माणूस शोधायला येते, ही काय चेष्टा झाली का? मांजरसुंब्याच्या लॉजवर त्यांनी खोली घेतली होती. तिथं लॅपटॉप, स्पीकर सगळं मांडून ठेवलेलं. गाण्याखालचं संगीत, म्हणजे बीट, बनवणारा एकच माणूस वर्षभरासाठी घ्यायचा होता आणि प्रत्येक गाण्यावर त्याचं नाव येणार होतं. सुरज खिशात पेनड्राइव्ह घालून सकाळीच दिंद्रुडहून निघाला होता.

वडील सोबत आले, तिथंच घोडं अडलं. धोंडीराम म्हणजे माजी सभापती. पोराचा धंदा चारचौघांत सांगायची त्यांना लाज वाटायची. पण कंपनीचा फोन आला आणि दुसऱ्याच दिवशी चौकात फलक लागला, 'दिंद्रुडची शान'. आज तर गाडीभर कार्यकर्ते खाली धाब्यावर हार घेऊन बसले होते.

खरं सांगायचं तर सुरज काही फार मोठा नव्हता. लग्नाआधी नुसता डीजे. पिकअपवर दुसऱ्यांची गाणी लावायची, हळदीत पोरं नाचवायची, झालं. लग्न झालं आणि त्याच्या नावाच्या बीट इंटरनेटवर दिसायला लागल्या. परभणी-लातूरची रॅप करणारी पोरं त्या घेऊ लागली. सुनेचा पायगुण लई चांगला, असं आई छबुबाई आल्यागेल्याला सांगायची. सून प्रियदर्शनी पदर सारखा करून नुसती हसायची.

निघताना ती हळूच म्हणाली होती, "मलाबी न्या की."

घरची सून लॉजवर नेली तर लोक तोंडात शेण घालतील, असं धोंडीराम तिथल्या तिथं बोलले. सुरजनं मान खाली घातली. वडिलांपुढं त्याची जीभ जन्मात कधी उचलली नव्हती. नुसतं ऐकवून यायचंय, असं म्हणून त्यानं बायकोची समजूत घातली. त्याला खरंच तसं वाटत होतं. लग्नाची सुपारी घेताना तरी दुसरं काय असतं? चार गाणी ऐकवायची, तारीख धरायची.

"हा ठोका कशाचा आहे?" मॅडमनी विचारलं.

"घरातलाच हाय. खलबत्ता असंल."

मॅडम हसल्या. एवढं सुंदर काम करून पोरगा जरासुद्धा मिरवत नाही, याचंच त्यांना कौतुक वाटलं. त्यांनी कागद काढून टेबलावर ठेवले. सही आजच करू म्हणाल्या, फक्त त्याआधी त्यानं इथंच बसून एक छोटी बीट करून दाखवावी. काम कसं करतो ते त्यांना बघायचं होतं.

सुरज सबबी सांगायला लागला.

घरचा लॅपटॉप वेगळा आहे, म्हणाला. मॅडमनी चौकशी केली, तर आतलं सगळं सारखंच निघालं. मग डोकं दुखतंय म्हणाला, तर गोळी आणि पाणी आलं. धोंडीरामांनी स्वतः खुर्ची ओढली.

"बस बे. घरी आतल्या खोलीत दार लावून हेच तर चालतं तुझं. आता लाजतो कामून?"

त्यांनी गावाच्या ग्रुपवर टाकायला मोबाइलवर शूटिंगही सुरू केलं. सुरज बसला. समोर पडदाभर रंगीत चौकोन पसरलेले. त्यानं माउस धरला आणि सोडला. बापाच्या डोळ्यांत आज पहिल्यांदा त्याच्याबद्दल अभिमान दिसत होता, आणि तो बघून सुरजला रडूच यायला लागलं.

हात धुऊन येतो, असं सांगून तो उठला. लॉजच्या मागं जाऊन त्यानं बायकोला फोन लावला. फोन आईनं उचलला. सून धुणं घेऊन नदीवर गेली होती, फोन घरीच विसरून. वर खिडकीतून धोंडीराम त्याला हाका मारत होते.

"आये, पळत जा अन् तिला गाठ," सुरजला हुंदका आवरेना. "तिला इचार, तू बीट बनवायला बसलीस की पैलं बटन कोन्तं दाबतीस?"