खिडकीजवळची खाट

आधी गुच्छ आत आला. त्याच्यामागून महिला मंडळाच्या अध्यक्षा आल्या आणि त्यांच्यामागून चार सभासद. खोलीत दोनच खाटा होत्या. दाराजवळची रिकामी होती. खिडकीजवळच्या खाटेवर कोणीतरी चादर डोक्यावरून ओढून भिंतीकडे तोंड करून निजलं होतं. शेजारच्या पाळण्यात बाळ होतं आणि स्टुलावर पार्लरवाली बसली होती.

“तुम्ही यांच्या आई ना?” अध्यक्षांनी विचारलं.

पार्लरवालीने मान हलवली. त्यात खोटं काही नव्हतं.

“धन्य आहात तुम्ही,” अध्यक्षा म्हणाल्या आणि गुच्छ तिच्या हातात दिला.

मंडळ आलं होतं ते एका प्राध्यापिकेसाठी. तिचं वय एकोणचाळीस, लग्न केलेलं नाही, आणि मूल हवं म्हणून झालेलं. मंडळात तिला कोणी पाहिलेलं नव्हतं, पण तिच्या धैर्याच्या अभिनंदनाचा ठराव एकमताने झाला होता. खाली काउंटरवर त्यांना खिडकीजवळची खाट सांगितली गेली. तेही खोटं नव्हतं, फक्त कालचं होतं. डोळ्यांवर ऊन येतं म्हणून प्राध्यापिकेने आज सकाळीच खाट बदलून घेतली होती. आत्ता ती बाळाला घेऊन डॉक्टरांकडे गेली होती.

हे सगळं सांगायला पार्लरवालीने तोंड उघडलंही. पण गेल्या पाच महिन्यांत तिला कोणी धन्य म्हटलं नव्हतं. नवऱ्याने बोलणं टाकलं होतं, जावेने येणं टाकलं होतं. मुलगी मावशीकडे शिकायला गेलीय असं गिऱ्हाइकांना सांगून तिने हा परगावचा दवाखाना गाठला होता. लोक काय बोलतात हे तिला कोणी समजावून द्यायला नको होतं. अर्धं गाव तिच्याच खुर्चीत बसून बोलत असे, आणि दुसऱ्यांच्या मुलींचा विषय निघाला की भुवया कोरता कोरता तीही चार शब्द घालत असे. आता तिच्याच मुलीचा विषय निघणार होता. म्हणून तिने ठरवून टाकलं होतं. दुपारी अनाथालयाच्या बाई येतील आणि बाळ घेऊन जातील. मुलीला तिने विचारलं नव्हतं, कळवलं होतं. मुलगी एवढंच म्हणाली की मला हवाय तो, आणि भिंतीकडे वळली. पार्लरवालीने बाळाला अजून हात लावला नव्हता.

प्राध्यापिकेची उशी मात्र सकाळी तिनेच उचलून दिली होती. काय हो धीराच्या तुम्ही, असंही मनापासून म्हणाली होती. मग वळून मुलीला चादर तोंडावर घ्यायला सांगितलं होतं.

तोवर मंडळ पाळण्याभोवती गोळा झालं होतं. कपाळ किती बुद्धिमान आहे यावर पाचही जणींचं एकमत झालं. एकीला बोटं लेखकाची वाटली, दुसरीला शल्यविशारदाची. बाप कोण हे विचारण्याइतकं मंडळ मागासलेलं नव्हतं. उलट अध्यक्षांनी त्या विषयावर आपण होऊनच निकाल दिला. बापाचं काय एवढं, आई खंबीर असली की लेकराला काही कमी पडत नाही. आणि लोकांचं म्हणाल, तर लोक चार दिवस बोलतात, मग त्यांना दुसरं काहीतरी मिळतं. ही माहिती पार्लरवालीला धंद्यामुळे होतीच, पण कोणी तिच्या बाजूने सांगितली नव्हती.

मग फोटोची टूम निघाली. एका सभासदाने बाळ उचललं आणि आजीबाईंकडे असू दे म्हणत सरळ तिच्या मांडीवर ठेवलं. बाळाने डोळे किलकिले करून तिच्याकडे पाहिलं आणि नाक मुरडलं. अगदी तिच्या सासूबाईंनी ती लग्न होऊन आली तेव्हा मुरडलं होतं तसं. पार्लरवालीला हसू आलं. फोटो छान निघाला.

“आणि तुमच्यासारख्या शिकलेल्या बाईने हे पाऊल उचललं,” अध्यक्षा चादरीला म्हणाल्या, “म्हणून आम्हाला जास्त अभिमान वाटतो.”

चादर खाली झाली. आतून रडून सुजलेला, पोरसवदा चेहरा बाहेर आला.

“मी अजून शिकतेच आहे,” मुलगी म्हणाली. “बारावीला आहे.”

खोलीत एकदम जागा झाली, कारण मंडळ दोन पावलं मागे सरकलं होतं. मुलीच्या गळ्याकडे पाहून झालं, मग पार्लरवालीच्या. मंगळसूत्र आईच्याच गळ्यात होतं. सभासदाने फोनमधला फोटो पुसला. अध्यक्षांनी गुच्छ परत घेतला, तो नाजूकपणे घेतला.

“अहो, आधी नाही का सांगायचं?” त्या म्हणाल्या. “आम्ही काय काय बोलून बसलो.”

एवढ्यात दारात एक बाई आली. आपण अनाथालयातून आल्याचं सांगून, न्यायचं बाळ कोणतं, असं तिने विचारलं. ऐकून मंडळाला हायसं वाटलं. पाचही हात एकदम पार्लरवालीच्या मांडीकडे झाले.

मुलगी आईकडे बघत होती. मागे सरायला तिच्या पाठीशी फक्त भिंत होती.

पार्लरवालीने बाळाच्या कपाळावरचं दुपटं नीट केलं.

“या अध्यक्षबाई आत्ताच म्हणाल्या,” ती दारातल्या बाईला म्हणाली, “आई खंबीर असली की लेकराला काही कमी पडत नाही. आणि त्या खाटेवर निजलंय ना, त्या लेकराची आई मी आहे.”