हळदीची वाटी

म्हाळसाबाईनं तेलात हळद कालवून वाटी चुलीच्या कडेला ठेवली. जाडं मीठ फडक्यात बांधून शेकायची पुरचुंडी केली. मग दारामागची मेंढरांची काठी उचलून कडब्याच्या गंजीत खोल खोचली.

"काठी कशाला लपवायलीस?" शेजारच्या चांगुणाबाईनं विचारलं.

"जत्रेत पोरं पळवतेत."

"आन हळद? कुस्ती तर अजून व्हायचीय."

"मागून सवड मिळत न्हाई, आक्का."

पैलवानाची बायको असावी तर अशी, असं चांगुणाबाई गल्लीत नेहमी सांगायची.

मैदानाकडं जाताना वाटेत दोघींनी जत्रेतल्या कासाराकडून बांगड्या भरल्या. म्हाळसाबाईचे हात त्याआधी मोकळेच होते.

"मागच्या जत्रेत डझनभर भरल्या व्हत्या की," कासार म्हणाला. "सगळ्या फुटल्या? लय काम हाय वाटतं हाताला."

म्हाळसाबाई हसली.

नामांतराच्या बंदमुळे गंगाखेडहून एस.टी. आली नव्हती, तरी मैदान भरलं होतं. सेलूचा रंगनाथ पैलवान ट्रॅक्टरवर बसून आला होता. शेवटची कुस्ती त्याची आणि म्हाळसाबाईचा नवरा भुजंग याची. जिंकणाऱ्याला चांदीचं कडं.

बायका देवळाच्या ओट्यावर उभ्या होत्या. सासू कासाबाई पुढं, म्हाळसाबाई तिच्यामागं. एका हातात नवसाचा नारळ, दुसऱ्या हातात लेकीचं बोट. लेक मनकर्णा पाच वर्षांची. पायरीवर किशनराव बसला होता. तो गुरांच्या दवाखान्यात ड्रेसर होता, आणि कुणालाही काहीही समजावून सांगायची त्याला हौस होती.

"भुजंगचं तोंड बघा, मावशी," तो कासाबाईला म्हणाला. "रुंद कपाळ, रुंद जबडा. टकरीचा मेंढा निवडताना आपण हेच बघतो. वयात येताना अंगात एक रस चढतो, डाक्टर त्याला हार्मोन म्हणतेत. तोंडाची ठेवणबी तोच घडवतो म्हणं."

"माझ्या लेकाचं तोंड बघूनच समोरचा निम्मा हारतो," कासाबाई म्हणाली.

"तोंडावरून सगळंच कळत न्हाई म्हणा. दगडासारख्या तोंडाचा एक मेंढा आमच्याकडं व्हता, पोरांच्या हातून पाला खायचा. पर झुंज जिंकली की तो रस आणखी चढतो, आन हारला की उतरतो. म्हणून जिंकलेला मेंढा घरी आणून बांधला तरी खुंट्याला टकरा देत बसतो."

"किती येळ ऱ्हातो चढलेला?"

म्हाळसाबाईनं विचारलं होतं. बाप्यांपुढं ती सहसा बोलत नसे. किशनरावानं वळून पाहिलं.

"कुणी म्हणतं घटकाभर, कुणी म्हणतं रातभर. का गं, उद्याबी कुस्ती हाय का त्याची?"

"न्हाई. सहज इचारलं."

हलगी वाजू लागली. दोघं पैलवान मातीत उतरले.

"देवाला मागितलंस का?" कासाबाईनं मागं न बघता विचारलं.

"मागितलं."

रंगनाथनं पहिल्याच झटक्यात भुजंगला खाली घेतलं. भुजंगची छाती मातीला लागली, मग एक खांदा उलटला. म्हाळसाबाईचे डोळे मिटलेले, ओठ भराभरा हलत होते. मनकर्णेचं बोट तिनं इतकं आवळलं की पोर कळवळली.

"चुडाव्याच्या जत्रेसारखं व्हतंय की काय," चांगुणाबाई पुटपुटली. "तिथं हारला तर आठ दिस घराभाईर पडला न्हाई बिचारा."

"व्हय," म्हाळसाबाई डोळे न उघडता म्हणाली. "मनकर्णेला झोका बांधून दिला व्हता तवा."

तेवढ्यात भुजंग खालून उसळला. रंगनाथचा पाय त्याच्या हातात आला आणि पुढच्या क्षणी सेलूचा पैलवान आकाशाकडं तोंड करून पडला होता. मैदान उठलं. गुलाल उधळला.

म्हाळसाबाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. बायकांनी तिला घेरलं, कपाळाला कुंकू लावलं.

"खुशीनं रडायली बघा," चांगुणाबाई म्हणाली.

नारळ फोडायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही. तो पदराखाली तसाच राहिला.

दिवेलागणीला म्हाळसाबाई घरी आली तेव्हा कासाबाई मनकर्णेचं अंथरूण गुंडाळत होती.

"आमी दोघी आज चांगुणाकडं निजतो," ती म्हणाली. सुनेकडं तिनं पाहिलं नाही.

दारात वाजंत्री थांबली. भुजंग आत आला. तोंड गुलालानं लाल, मनगटात कडं. म्हातारी आणि पोर त्याच्या बाजूनं अंग चोरून बाहेर पडल्या. त्यांना न्यायला आलेली चांगुणाबाई उंबऱ्यावर थांबली.

"लागलं का रं कुठं, पैलवान? बायकोनं सकाळीच हळद करून ठेवलीया."

"मला?" भुजंग हसला. "मला काय व्हतंय."

अंगावर कुठं साधं खरचटलंही नव्हतं. चांगुणाबाई कौतुकानं मान हलवत गेली.

भुजंगनं दाराला कडी घातली. दारामागं हात घालून चाचपलं.

"काठी कुठंय?"

म्हाळसाबाईनं वाटीतलं तेल दोन्ही मनगटांना चोळलं आणि सकाळीच भरलेल्या बांगड्या एकेक करून उतरवून चुलीमागं ठेवल्या.