तीस दिवसांच्या सह्या

“शाळेतलं सर्वांत नियमित खेळणारं कुटुंब!” शाळेच्या क्रीडादिनी माइकवरून आपलं आडनाव ऐकलं आणि टिकेकरांच्या घशात वडा अडकला. मुलीच्या क्रीडावहीत “आज तासभर एकत्र खेळलो” याखाली महिन्याभराच्या तीस सह्या त्यांनी एकाच बैठकीत, सोफ्यावर, ठोकल्या होत्या.

“बाबा, आता बक्षीस द्यायच्या आधी सगळ्यांसमोर लंगडी घालायला लावतील,” पाचवीतली गार्गी रडकुंडीला आली. “माझी लाज जाईल. पोट दुखतंय म्हणा ना!”

पण टाळ्या सुरू झाल्या होत्या. टिकेकरांनी एक पाय उचलला, पुढे पळणाऱ्या गार्गीमागे चार उड्या मारल्या आणि पाचव्या उडीला ते आडवे झाले. सगळी शाळा हसली. गार्गी तर इतकी हसली, की हसत हसतच तिने त्यांना हात देऊन उठवलं.

“सर, त्या सह्या…” टिकेकर धापा टाकत कबुली द्यायला गेले.

“माहीत आहे हो,” खेळाचे सर म्हणाले. “खरं खेळणाऱ्यांचे चार दिवस तरी बुडतातच. एकही दिवस न बुडवणाऱ्यांनाच आम्ही दरवर्षी असं पुढे बोलावतो. उद्या सकाळी सहाला मैदानावर या, दोघंही.”

“सहाला?”

“साडेपाचला उठवते मी त्यांना,” गार्गीने सरांना परस्पर शब्द देऊन टाकला.