पाण्याचा हात

दूध सोसायटीच्या बैठकीला जायचं म्हणून वहिनी उंबऱ्यात केस विंचरून घ्यायला बसली होती. घरातले लहानथोर सगळेच तिला वहिनी म्हणत. मनकर्णा फणी फिरवी, तसतसे कोरडे केस चुरचुरत फणीमागे उठत.

"एकाच डोक्यातले केस, पर एकमेकाजवळ बसंनात. कावून गं?"

"हवा कोरडी आहे ना, वहिनी. फणी घासली की सगळ्या केसांत सारखीच वीज भरते. सारखं असलं की एकमेकांना दूर ढकलतं."

"मंजी तुझ्या-माझ्यावानी," वहिनी हसली.

मनकर्णाला हसू आलं नाही. "पाण्याचा हात फिरवला की बसतील."

"केसाला पाणी? टँकर उद्या येनार हाय, बाई. ऱ्हाऊ दे उभे. लोक म्हनतील, चेरमन झाली अन् अंगात करंट आला!"

दुसऱ्या दिवशी टँकरच्या रांगेतच वहिनी कोसळली आणि केजच्या दवाखान्यात पोचायच्या आत गेली.

अंघोळीसाठी शेजारणींनी आपापल्या घरातलं पाणी आणलं. कुणी हात आखडला नाही. मग त्यांच्यातल्या छबुबाईनं तांब्या मनकर्णाच्या हातात दिला.

"शेवटचं पानी लेकीनं पाजायचं असतं. हाक मार अन् पाज."

मनकर्णाच्या ओठांवर सवयीनं 'वहिनी' आलं. काका-आत्यांचं ऐकून लहानपणी लागलेली ती हाक पुढे कधी बदललीच नव्हती. तिनं ते ओलं डोकं मांडीवर घेतलं.

"आई," ती म्हणाली, "पाणी पी."