झाकण

"फादर, परत तेच. किमची खारट झाली असं सासूबाई म्हणाल्या आणि मी भांड्यावर झाकण आपटलं." कबुली देताना ह्येवॉनला लाज वाटली. बाप्तिस्म्याला एवढी वर्षं झाली, आपण काही बदललो नाही.

सासूबाई चर्चमध्ये पाऊल टाकत नसत. बाहेर गिंकोच्या झाडाखाली नातवाला पाठीशी बांधून उभ्या होत्या.

"केवढा वेळ! माझ्या चहाड्या करत होतीस ना?"

"माझ्याच होत्या, आई. झाकणाच्या."

"हात्तिच्या! पूर्वी झाकण आपटलंस की आठवडाभर अबोला. हल्ली भात शिजायच्या आत स्वतःच हसत येतेस."

नातवाची टोपी सारखी करत त्यांनी हळूच विचारलं, "ते डोक्यावर घालतात ते पाणी... माझ्या वयाला चालतं का गं?"