सोडलेली हवा

त्र्याहत्तर सालची गोष्ट. पंचगंगेच्या घाटावर मेहमुदा धुणं धूत असताना तिची चार वर्षांची जरीना पाण्यात पडली. पोहणाऱ्यांनी तिला वर काढलं, तेव्हा श्वास थांबला होता. शाळेत शास्त्र आणि प्रथमोपचार शिकवणाऱ्या सरोजिनीबाई गर्दी सारून पुढं झाल्या. त्यांनी पोरीला पायरीवर उताणी झोपवलं, मान मागं कलती केली आणि नाक चिमटीत धरून तिच्या तोंडात फुंकर घातली. इवलीशी छाती वर आली, खाली गेली.

"अवो बाई, आपण सोडतो ती हवा खराब असती की!" गर्दीतला एक म्हातारा ओरडला.

"आत घेतलेला सगळा प्राणवायू आपण वापरत नाही. बराचसा तसाच बाहेर सोडतो. तिला तेवढा पुरेल," म्हणून बाई पुन्हा वाकल्या.

फुंकरीमागून फुंकर घालत राहिल्या. अखेर जरीना खोकली, पाणी ओकली आणि तिनं टाहो फोडला.

मेहमुदानं लेकीच्या छातीवर हात ठेवला. "बाई, ह्यो तुमचाच श्वास चाललाय न्हवं हिच्यात?"

"नाही," बाई हसल्या. "हा तिचा तिनं घेतलाय."